सिस्टरनी औषध दिलं होतं

माझ्यामुळे एका नर्सची नोकरी गेली. तिनं मला औषध रोज दिलं होतं. मी ते रोज ओतून टाकत होतो. आणि विचारलं गेलं तेव्हा मी तिच्याकडे बोट दाखवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना माझी कीव यावी अशा काही जागा येतील आणि ती कीव मला फुकटात मिळू नये.

मी सावंत. डोंबिवलीत कोपरला राहतो. तेव्हा ठाण्याला वर्तकनगरच्या पुढे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो, वय एकोणचाळीस. लिहितोय ते मुख्यतः अशा घरांसाठी, जिथे हृदयाच्या पेशंटला सूज उतरवायला लघवीची गोळी चालू आहे आणि तिच्या जोडीला पोटॅशियमची बाटली आलेली आहे. त्या बाटलीकडे कुणीच फारसं लक्ष देत नाही. मीही दिलं नव्हतं.

गणपती होऊ देत

त्या वर्षी श्रावणापासून चपलेचे पट्टे पायात रुतायला लागले होते. संध्याकाळी घरी आल्यावर पायावर वळ दिसायचे. दोन जिने चढलो की छातीत कुणी ओलं फडकं पिळतंय असं वाटायचं. बायकोनं, मंगलनं, एकदा माझ्या नडगीवर बोट दाबलं आणि उचललं. खड्डा तसाच राहिला.

"अहो, हे बघा. कणकेत पडावा तसा खड्डा पडलाय."

"गणपती होऊ देत. मग दाखवू."

गणपती झाले. अनंत चतुर्दशीला विसर्जनाला मी चाळीच्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच पायरीवर बसलो. दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, या दिवसांत हॉस्पिटलची पायरी चढू नये, बरं नसतं. मंगलनं पिशवी भरायला घेतलेली होती. ती हात न थांबवता म्हणाली, "काकू, सर्वपित्रीला ह्यांच्या नावाचं पान वाढायला लागू नये म्हणूनच चाललोय."

ठाण्याच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलचं नाव मी लिहीत नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. त्यांनी दुसऱ्या एका तरुण डॉक्टरला बोलावलं. त्यानंही ऐकलं. दोघं एकमेकांकडे बघून मान हलवत होते, आणि ज्याचं हृदय ते ऐकत होते तो मी मधे उघड्या छातीनं बसलो होतो.

"लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

"सातवीत असताना. महिनाभर अंथरुणात होतो."

"त्याच तापानं एक झडप खराब करून ठेवलीये. इतकी वर्षं हृदयानं ओढून नेलं. आता थकलंय."

मी विचारलं, बरं होईल ना? ते म्हणाले, "आधी अंगातलं पाणी काढू. हृदय जरा सावरलं की मुंबईला ऑपरेशन. पण मधले हे दिवस नीट काढायचे. हेच दिवस नाजूक असतात."

त्यांचं ते शेवटचं वाक्य मी मंगलला सांगितलं नाही. तिनं ऐकलेलं होतं, हे मला नंतर कळलं.

वॉर्ड

वॉर्डात बावीस खाटा होत्या. सकाळी सहाला थर्मामीटर, सातला चहा, आठला नाश्ता, मग गोळ्या. जेवण बिनमिठाचं. पहिल्या दिवशीची आमटी मी तोंडात धरून बसलो, गिळावी की थुंकावी कळेना.

शेजारच्या खाटेवर भोईरकाका होते. खाडीपलीकडच्या एका गावचे, सत्तरीचे, तोंडात दात चार. आजार माझ्यासारखाच, फक्त जास्त पुढे गेलेला. माझं तोंड बघून ते हसले.

"जल्म गेला माजा मिठागरान," ते म्हणाले. "पायाचं कातडं मिठानं फाटलं. आनि आता मनाच मीठ बंद! देवाचा हिशोब बग कसा."

दिवसपाळीला नाखवा सिस्टर असायच्या. तिशीच्या आतल्या, ठाण्याच्याच, खाडीकडच्या कोळीवाड्यातल्या. चालणं भरभर, बोलणं तोडून. लघवी किती झाली हे त्या भर वॉर्डात विचारायच्या आणि आकडा ऐकल्याशिवाय पुढच्या औषधाला हात लावायच्या नाहीत.

"काय सावंत, भांडं कितीवर आलं?"

"सिस्टर, हळू बोला हो."

"लाजताय कशाला? लघवी नीट झाली तरच हे औषध पोटात घालता येतं. नाही झाली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी देत नसते."

"माजापन इचार गो," भोईरकाका पलीकडून म्हणायचे. "मी सांगतंय ना जोरान!"

ते औषध म्हणजे पोटॅशियम. लाल रंगाचं, पातळ, वरून गोड वास. नाश्त्यानंतर एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा. सिस्टर छोट्या मापातून अर्ध्या ग्लास पाण्यात ते ओतायच्या, चमच्यानं ढवळायच्या, आणि ते अर्धा ग्लास पाणीसुद्धा माझ्या खाटेला लटकवलेल्या तक्त्यावर मांडायच्या, कारण मला दिवसाला एक लिटरच पाण्याची परवानगी होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला समजावलं होतं. लघवीच्या गोळीनं पाणी जातं आणि त्याच्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं. ते कमी पडलं की हृदयाचा ठेका चुकतो, आणि तुम्हाला जी हृदयाची बारीक गोळी चालू आहे तीच उलटते. जास्त झालं तरीही ठेका चुकतो. म्हणून मापून. पोट भरलेलं हवं, बसून घ्यायचं, घोट घोट करत, घाई नाही.

मी मान डोलावली. माझं लक्ष ग्लासच्या रंगाकडे होतं. चव सांगायची तर, गंजलेला खिळा साखरेच्या पाकात घोळवून चोखल्यासारखी.

नाश्ता झाला

चौथ्या दिवशी संकष्टी होती. मी विसाव्या वर्षापासून संकष्टी धरतो. आजारपणात मोडली तर पुढे सगळंच मोडेल असं माझ्या मनानं घेतलं होतं. असल्या विचारांना तेव्हा मी श्रद्धा म्हणायचो. आज त्यांना भीती म्हणतो. सकाळी आलेले पोहे मी हळूच भोईरकाकांच्या ताटलीत सरकवले.

सिस्टर ग्लास घेऊन आल्या. "नाश्ता झाला?"

"झाला."

तो माझा पहिला खोटेपणा. एका शब्दाचा. चव लागू नये म्हणून मी सगळा ग्लास एका दमात घशात ओतला. पाच मिनिटांत पोटात आग पेटली. मी खाटेच्या कडेला वाकलो आणि लाल पाणी फरशीवर पडलं. आजूबाजूच्यांना रक्तच वाटलं. कुणाची तरी बायको किंचाळली.

सिस्टरनी माझं कपाळ धरलं. मावशींची वाट न बघता स्वतः फरशी पुसली. आणि पुसता पुसता स्वतःलाच विचारत होत्या, "पाणी कमी पडलं का माझ्याकडून? कडक झालं का?" मी सांगू शकत होतो, की सिस्टर, पोट रिकामं होतं. मी डोळे मिटून पडून राहिलो. डोळे मिटणं पेशंटला फार सोपं असतं.

त्या दिवसानंतर ग्लास दिसला की माझा घसा बंद व्हायचा. सिस्टरनी पाणी वाढवून पाहिलं. थंड पाणी घालून पाहिलं. डॉक्टरांना विचारून मोसंबीच्या रसात दिलं. दर वेळी समोर उभ्या राहायच्या. पण घोट घोट प्यायला मी वीस मिनिटं लावायचो आणि बावीस खाटा त्यांच्या नावानं हाका मारायच्या.

"सिस्टर, ठेवून जा ना," मी म्हणालो. "तुम्ही समोर उभ्या राहिलात की मला उमळून येतं. मी सावकाश घेतो."

"तसं ठेवून जाता येत नाही हो."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या खाटेवरून कुणीतरी कण्हत हाक मारत होतं. "संपवाल नक्की? रिकामा ग्लास दाखवाल?"

"शप्पथ."

शहाळी

आपल्याकडे पेशंटला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही, आणि हृदयाचा पेशंट म्हटलं की शहाळं. ऑफिसातले आणायचे, चाळीतले आणायचे, मंगल एक दिवसाआड आणायची. मला दिवसाला अर्ध्याचीच मुभा होती, बाकीचं येणाऱ्यांनाच प्यायला लागायचं. रिकामी शहाळी आमच्या खाटांखाली ओळीनं पडलेली असायची. दुपारी तीनला मावशी येऊन पोत्यात भरून न्यायच्या.

ऑफिसातल्या एकानं सहज सांगितलं, "अरे, पोटॅशियम तर शहाळ्यातच असतं. उगाच ही लाल दवा पाजतात." मला हवं होतं ते मिळालं. माझ्या अर्ध्या शहाळ्यानं ते भरून निघणार नव्हतं, माप ठरवणारे डॉक्टर होते, हे न कळण्याइतका मी अडाणी नव्हतो. कारखान्यात अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीसाठी मी ड्रॉइंग परत पाठवायचो. पण इथे मी अंदाजानं चाललो, कारण अंदाज माझ्या सोयीचा होता.

दुसऱ्या दिवशी सिस्टर ग्लास ठेवून वळल्या. मी खाली वाकलो, एक शहाळं ओढलं आणि त्याच्या भोकात ग्लास रिकामा केला. त्या परत आल्या तेव्हा मी तोंड वाकडं करून ग्लास पुढे धरला.

"शाब्बास," त्या म्हणाल्या आणि तक्त्यावर सही केली.

असं अकरा-बारा दिवस चाललं. दिवसाला दोनदा. फक्त रविवारी सिस्टरची सुट्टी असायची. रविवारच्या सिस्टर वयानं मोठ्या, करड्या. त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत हलायच्या नाहीत. त्या दिवशी मी निमूट प्यायचो. रक्त सोमवारी आणि गुरुवारी तपासायचे. सोमवारी आकडा जरा वर असायचा, गुरुवारी खाली. डॉक्टर कपाळाला आठ्या घालायचे. त्यांनी माप वाढवलं. मी वाढवलेलं मापही ओतलं.

भोईरकाकांनी एकदा पाहिलं.

"आरं सावंता, शहाल्याला दवा पाजतंस क?"

मी हसलो. ते हसले नाहीत. उशीवरून मान वळवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"त्या पोरीला नको फसवू," ते म्हणाले. "जीव तुजा जाईल, पन नाव तिचा जाईल."

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी भोईरकाका गेले. चहा घेतला, कप ठेवला आणि गेले. त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढला तेव्हा मला खरंच रडू आलं. पण त्या रडण्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, आणि ती इथे लिहिली नाही तर हे लिहिण्यात काही अर्थ नाही. पाहणारं कुणी उरलं नाही, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

पिवळी कडा

नवरात्र लागलं तसे माझे पाय माझे राहिले नाहीत. सूज उतरली होती, पण खाटेवरून उठताना मांड्यांत ओली वाळू भरल्यासारखी वाटायची. पोटऱ्यांत गोळे यायचे. पोट साफ होईना. नाडीवर बोट ठेवलं की चार ठोके नीट, मग एक रिकामी जागा, मग एक मोठा धक्का. ती रिकामी जागा मला रोज थोडी लांब वाटायची. अन्नाचा वास नकोसा झाला. पुढे ट्यूबलाइटभोवती एक पिवळी कडा दिसायला लागली; हृदयाची ती बारीक गोळी उलटल्याची ती खूण होती, हे नंतर कळलं. भिंत पिवळी, चादर पिवळी, मंगलचा चेहराही काविळीचा वाटायचा.

यातलं मी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरांनी कारण शोधलं असतं, आणि कारण खाटेखाली होतं. नाखवा सिस्टरनी दोनदा नाडी मोजली, दोनदा घड्याळाकडे पाहिलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. "सर, ह्यांना औषध लागू का होत नाहीये?" त्या म्हणाल्या. त्या वॉर्डात माझी काळजी करणारी ती एकटी होती, आणि मी तिला आंधळं करून ठेवलं होतं.

पाचव्या माळेला मंगल टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरून दुपारी दोनच्या भेटीच्या वेळेला आली. तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. नेहमीसारखं खाटेखालचं एक शहाळं उचललं, आतली मलई काढावी म्हणून. एवढं मला आठवतं. मग छातीत कुणी दार आपटलं आणि वॉर्डचं छत वर वर जायला लागलं.

शुद्धीवर आलो तेव्हा वेगळ्या खोलीत होतो. पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. हाताला सलाइन होतं, आणि त्यातून शिरेत निखारा सरकवत नेल्यासारखी आग जात होती.

"हात जळतोय," मी म्हणालो.

"पोटॅशियम आहे," नर्स म्हणाली. "सोसा थोडं. तोंडानं लागू पडलं नाही तुम्हाला."

मेट्रनबाई

दोन दिवसांनी मेट्रनबाई आल्या. हातात माझा तक्ता. बरोबर डॉक्टर आणि मागे नाखवा सिस्टर. मंगल कोपऱ्यात स्टुलावर होती.

"सावंत, घाबरू नका," मेट्रनबाई म्हणाल्या. "फक्त खरं सांगा. तक्त्यावर रोज दोन सह्या आहेत. पण रिपोर्ट म्हणतोय औषध पोटात गेलेलं नाही. ज्या दिवशी ह्यांची सुट्टी, त्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र आकडा वर. औषध तुम्हाला रोज मिळत होतं?"

माझ्या डोक्यात त्या क्षणी काय होतं ते सांगतो. खरं बोललो तर डॉक्टर म्हणतील, असल्या पेशंटला ऑपरेशनला कशाला पाठवायचं? मंगल म्हणेल, मी देवीपुढे पदर पसरत होते आणि तुम्ही इथे जीव ओतून टाकत होतात? मला जगायचं होतं, आणि चांगला माणूस म्हणून जगायचं होतं. दोन्ही.

"मिळायचं," मी म्हणालो. "म्हणजे... रोज असं नाही. कधी कधी राहायचं."

मग नाखवा सिस्टर बोलल्या. आवाज अगदी सपाट होता.

"मॅडम, मी ग्लास ठेवून जायचे. समोर उभी राहिले नाही. नियम मोडला, ती माझी चूक. पण दिलं मी रोज. एक वेळ चुकवली नाही."

"ग्लास ठेवून जायचीस? आणि पाहिल्याशिवाय सही करायचीस?" मेट्रनबाई म्हणाल्या. पुढे विचारण्यासारखं काही राहिलंच नाही. तिनं जेवढं खरं सांगितलं, तेवढंच तिच्या विरुद्ध गेलं.

जाताना सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नाडीत काहीतरी चुकतंय असं वाटलं की त्या जसं पाहायच्या, तसं. मी सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिलो.

आठवड्याभरात कळलं की त्यांना काढून टाकलं.

घरी

मुंबईला ऑपरेशन झालं. झडप उघडली. मी कामावर रुजू झालो, जिने चढायला लागलो, लोक म्हणायचे पुनर्जन्म झाला. घरात मात्र मंगल माझ्याशी कामापुरतंच बोलायची. औषधं तीच काढून द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. एकदा मी चिडून म्हणालो, "मी काय लहान मूल आहे?"

ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत म्हणाली, "मला माहितीये."

"काय?"

"त्या दिवशी मलई काढायला शहाळं फोडणार होते. आतून लाल पाणी सांडलं माझ्या पातळावर. वास आला. मला तेव्हाच कळलं."

आणखी एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "मीसुद्धा गप्प बसले त्या बाईसमोर. तुम्ही जगायला हवे होतात, मला तेवढंच दिसत होतं. आता तुम्ही जगलात, आणि मला तुमच्याकडे बघवत नाही कधी कधी."

आम्ही भांडलो असतो तर बरं झालं असतं. आम्ही भांडलो नाही. त्या घरात ते वाक्य पुढची कितीतरी वर्षं आमच्याबरोबर जेवायला बसायचं. सिस्टरचं पुढे काय झालं, हे आम्ही दोघांनीही कधी विचारलं नाही.

डोंबिवलीतली मुलगी

आठ-नऊ वर्षांनी पुन्हा पाय सुजले. या वेळी डोंबिवलीतच एका लहान नर्सिंग होममध्ये ठेवलं. पुन्हा लघवीची गोळी, पुन्हा लाल औषध. एक विशीतली नर्स ग्लास घेऊन आली आणि उभी राहिली. मी हळूहळू पीत होतो. एवढ्या वर्षांत मला ते प्यायला जमायला लागलं होतं. पोट भरलेलं असलं, भरपूर पाण्यात घेतलं, घाई केली नाही, तर ते सोसतं. नाहीच सोसलं तर तोंडानं सांगायचं, की सिस्टर, पोटात जळतंय. ते वेळ बदलतात, पाणी वाढवतात, गोळीत देता येतं का बघतात. इतकं साधं होतं ते.

"तू जा ग," मी त्या मुलीला म्हणालो. "मी संपवतो."

"नाही हो काका. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. ठाण्यात म्हणे एक सिस्टर होती, औषध न देताच सह्या ठोकायची. पेशंट मरता मरता वाचला बिचारा. तेव्हापासून सगळ्यांना तिचंच उदाहरण देतात."

"कुणी सांगितलं हे?"

"मॅडमनी. खरी गोष्ट आहे, काका."

तिनं रिकामा ग्लास घेतला आणि सही केली. मी तेव्हाही बोललो नाही. माझं खोटं इतकी वर्षं चालत, वर्गावर्गांतून शिकवलं जात, पुन्हा माझ्या खाटेपाशी येऊन उभं राहिलं होतं, आणि त्यात बिचारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी आली तेव्हा मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. "मग त्या सिस्टर?" तिनं विचारलं.

कोळीवाडा

घरी आल्यावर मी त्या ठाण्याच्या ट्रस्टला पत्र लिहिलं, काही न लपवता, खाली सही करून. मंगलनं ते वाचलं आणि तिनंही सही केली. पोच आली, उत्तर आलं नाही. मग एका रविवारी आम्ही दोघं पत्राची प्रत घेऊन खाडीकडच्या कोळीवाड्यात गेलो. तीन ठिकाणी विचारावं लागलं.

सिस्टरनी दार उघडलं. केस कानांपाशी पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"सावंत. झडप कशी आहे?"

"बरी आहे."

त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं. त्या आता वर्तकनगरला एका अंथरुणाला खिळलेल्या बाईंचं करायला जात होत्या. कुठल्याच हॉस्पिटलनं त्यांना घेतलं नाही. विचारणा त्या ट्रस्टकडेच व्हायची आणि तिथून तेच उत्तर जायचं. मी पत्र पुढे केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि मला परत दिलं.

"शहाळ्यात," त्या म्हणाल्या. "मी डस्टबिन पाहिली होती, बेसिन पाहिलं होतं. गादीखालीसुद्धा पाहिलं होतं. शहाळं सुचलं नाही."

"तुम्हाला संशय होता?"

"होता. म्हणून तर डॉक्टरांना बोलावलं. पण पेशंट खोटं बोलतोय हे हातात काही नसताना कसं म्हणणार? ग्लास ठेवून गेले, ते माझं. ते मी तेव्हाच कबूल केलं. बाकीचं तुमचं."

"हो. बाकीचं माझं."

मी हात जोडायला लागलो तशी त्यांनी मला थांबवलं.

"मला नका सांगू. मी काय केलं ते मला ठाऊक आहे. आईला सांगा. तिनं मासळी विकून मला नर्सिंगला घातलं. इतकी वर्षं बाजारातल्या बायका तिला विचारतात, तुझ्या पोरीनं त्या माणसाला दवा का नाही दिली? ती मला कधी विचारत नाही. विचारत नाही, म्हणजे तिला ते खरं वाटतंय."

आई आत जवळा निवडत बसल्या होत्या. सिस्टरनी मला त्यांच्यासमोर नेलं.

"आये, तुला भेटायला आयलंत."

"कोन?"

"मी सावंत," मी म्हणालो. "तुमची मुलगी ज्या हॉस्पिटलमध्ये होती, तिथला पेशंट."

"मना आयकू नाय येत. जोरान बोल."

मी घसा साफ केला. दारात शेजारच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. मंगल माझ्या मागे होती. मी खाली बसलो, त्यांच्या कानाशी नव्हे, समोर, आणि गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो,

"आई, तुमच्या पोरीनं मला औषध रोज दिलं. एक दिवस चुकवलं नाही. मीच ते ओतून टाकलं. आणि मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, तिनं दिलं नाही म्हणून. ती खरं बोलत होती. तिची नोकरी माझ्या खोट्यानं गेली. मी तुमची आणि तिची माफी मागायला आलोय. फार उशिरा आलोय. माझं चुकलं."